सात रस्त्याचा कौल

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. मिलमध्ये मला ‘बॉयलर’ म्हणायचे. खरं नाव महिपती. अठ्ठावीस वर्षं सोलापुरात फिटर होतो. एका यंत्राच्या पट्ट्यात उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली, तेव्हा साहेबानं बसायला खुर्ची दिली आणि दोन वर्षांनी ती खुर्चीही काढून घेतली. झालं, आलो घरी. घर म्हणजे एक खोली, एक स्टोव्ह, एक खाट आणि बोलायला भिंत. सकाळी मिलचा भोंगा झाला की अजूनही उठून बसायचो, शर्टाला हात घालायचो, आणि मग आठवायचं की आपल्याला आता कुणी बोलावलेलं नाही.

त्या दिवसांत सिद्धम्मा बाईंनी मला उचललं. बाई अक्कलकोटकडच्या, शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या, लग्न केलेलं नाही. पोरं विज्ञान वाचतात पण बघत नाहीत, हे त्यांचं दुखणं. म्हणून सात रस्त्याला सायकलच्या दुकानावर दोन खोल्या भाड्यानं घेऊन त्यांनी ‘विज्ञान दालन’ काढलं होतं. एक सांगाडा, बरणीत बेडूक, लोहचुंबक, कप्प्या, आरशांचं नळकांडं. बघायला फुकट. कप्पी दुरुस्त करायला म्हणून मी गेलो आणि तिथलाच झालो. दार उघडायचं, झाडायचं, मोडलेलं जोडायचं. बाईंना एक दुर्बीण घ्यायची होती, पोरांना शनीचं कडं दाखवायला. त्यासाठी दारात मदतीचा डबा ठेवला होता. त्यात धूळ तेवढी पडायची.

“नुसता डबा ठेवला की माणूस म्हणतो, त्यापेक्षा देवळात टाकीन,” बाई म्हणाल्या. “पैसा टाकला की काहीतरी घडलं पाहिजे, महिपती. आणि घडलेलं बघून चार अक्षरं डोक्यात शिरली पाहिजेत.”

मी म्हटलं, “करतो.” काय करायचं ते माझ्या डोक्यात सतरा वर्षं होतं.

ते कसं, ते सांगतो. आमचं घर करकंबच्या अलीकडं, वस्तीवर. थोरला भाऊ धोंडीराम, त्याची बायको गोजरवहिनी, आणि माझी बजा. मी मिलमध्ये, ती वस्तीवर. बजा बाळंत झाली, मुलगी झाली, आणि तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. पंढरपूरला डॉक्टरकडं न्यायला गाडी जुंपली होती. बैल जुंपलेले, बजाला घोंगडीत गुंडाळून गाडीत घातलेली. आणि दादा म्हणाला, थांबा, देवाला विचारू. आमच्याकडं तसंच. देवाच्या अंगावर दोन्हीकडं दोन कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. याला कौल म्हणायचं. डावी पडली. दादानं बैल सोडले. दिवस मावळायच्या आत बजा गेली.

मला तार दुसऱ्या दिवशी मिळाली. मी गेलो तेव्हा राख सावडायची राहिली होती. चार माणसांत मी दादाला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, “तुझं तोंड बघणार नाही आणि तुझ्या देवाचंही.” वहिनीच्या अंगावर तिचं स्वतःचं पोर पीत होतं. माझी पोर मी तिच्या पदरात टाकली ती टाकलीच. नाव सोना ठेवलं, हेही मला दुसऱ्याकडून कळलं. दर महिन्याला मनिऑर्डर करायचो. पोचपावतीवर वहिनीचा अंगठा उमटून यायचा. त्या सगळ्या पावत्या मी ट्रंकेत ठेवल्या होत्या. घरचं म्हणून माझ्याकडं तेवढंच यायचं.

तर मी पाटी केली. तीन हात उंच फळी, पुढं काच, आत खिळ्यांच्या ओळी. वरनं चार आण्याची पावली टाकायची. ती खिळ्यांवर आपटत, इकडं तिकडं उड्या मारत खाली येणार. उजव्या हाताला पडली तर घंटा वाजणार, डाव्या हाताला पडली तर लाल दिवा लागणार. पैसे मागच्या पेटीत. वर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं डोळे आणि मिशा असलेला सूर्य काढला, त्याच्या तोंडात पैसे टाकायची फट. मी म्हटलं, “अरे, सूर्याला मिशा?” तो म्हणाला, “पोरांना आवडतंय, मामा.” खाली बाईंनी सुरेख अक्षरात लिहिलं : ‘उजवीकडं की डावीकडं? आधी कुणालाही सांगता येत नाही. टाकून पाहा. दुर्बिणीसाठी मदत.’

अगदी वरचा पहिला खिळा मी स्क्रूवर बसवला होता. फळी जरा कलली तर मागनं फिरवून तोल सावरायला. शंभर वेळा नाणं टाकून बघितलं, एकावन्न उजवी, एकोणपन्नास डावी. मला रडू आलं. का, ते बाईंना कळलं नाही. मी त्यांना म्हटलं, “बाई, या स्क्रूला आता माझा हात लागणार नाही. खोटं काय चालायचं ते देवळात चालू दे.” आतल्या आत मी दादाला म्हणत होतो, बघ. बघ म्हणावं, अशी असते तुझी उजवी नि डावी. हिच्यापायी बैल सोडलेस.

आणि करायला गेलो गणपती नि झाला मारुती. मंडईतली एक भाजीवाली सूनबाईच्या बाळंतपणाच्या काळजीत होती, बघायला म्हणून आली, पावली टाकून म्हणाली, “सुखरूप सुटंल का गं माज्ये आई?” घंटा वाजली. त्याच दुपारी सून सुटली, मुलगा झाला. बोलाफुलाला गाठ पडली, दुसरं काय! पण महिनाभरात जिन्यावर चपलांची रांग. कुणाची बदली, कुणाचं कोर्ट, कुणाची हरवलेली म्हैस. लोक सूर्याला हात जोडायचे, मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचे, पावली टाकायचे. सूर्याच्या कपाळावर रोज कुंकू. मी रोज ओल्या फडक्यानं पुसायचो आणि रोज शिव्या घालायचो. पुसून पुसून सूर्याची एक भुवई गेली.

एकदा सांगोल्याकडचा एक धनगर आला. येडू त्याचं नाव. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मेंढरं खाली कर्नाटकात न्यावीत का इथंच ठेवावीत, हे त्याला विचारायचं होतं. टाकली पावली, वाजली घंटा. तो तिथंच उभा.

“आता ह्ये उजवं कुणाचं धरायचं?” मला म्हणाला. “माजं का देवाचं?”

“म्हणजे?”

“आमच्यात देवाचा उजवा धरत्यात. देव आपल्याकडं तोंड करून बसतोय न्हवं? मग त्येचा उजवा त्यो आपला डावा.”

माझा बॉयलर तापला. “अरे बाबा, इथं देव कुठं दिसतोय तुला? खिळे आहेत. खिळे!”

येडू शांतपणे फळीकडं बघत राहिला. “बरं,” म्हणाला, “मग खिळ्याचा उजवा कंचा?”

मी त्याला जिन्यापर्यंत घालवून आलो. सिद्धम्मा बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. “होगली बिडी, महिपती,” म्हणाल्या. म्हणजे जाऊ दे, सोड. “आज देव म्हणून येतात, एखाद्या दिवशी वाचतीलही.” त्यांची दुर्बीण जवळ येत होती, त्यांना हसायला काय!

मी मात्र हसत नव्हतो. दिवसभर माणसं येत, माझ्या हातच्या वस्तूशी जिवाभावाचं बोलत आणि माझ्याकडं न बघता जात. संध्याकाळी खोलीवर गेलो की मी आणि स्टोव्ह. कधी कधी वाटायचं, त्या फळीला जेवढं लोक बोलतात त्यातलं एक वाक्य कुणी मला बोलावं.

फाल्गुनातली दुपार. पाटी अडली होती. दहा पैशाचं ते कातरलेल्या कडांचं नाणं कुणीतरी टाकायचं आणि ते खिळ्यांत रुतायचं. मी पाटीच्या मागं, फळी आणि भिंत यांच्यामधल्या हातभर जागेत अंग चोरून बसून ते काढत होतो. बाई जेवायला गेल्या होत्या. जिना वाजला. पुढं कुणीतरी येऊन उभं राहिलं, आणि तीनदा खाकरलं.

तीनदा. बोलायच्या आधी तीनदा खाकरायचं ही जगात एकाच माणसाची सवय. माझ्या हातातलं नाणं खाली पडलं.

दिव्यासाठी पाडलेल्या भोकातनं बघितलं. दादाच. केवढा म्हातारा झाला होता! गळ्याची कातडी लोंबत होती, पटका हातात घेतलेला, डोक्यावर पांढरे चार केस. चपला त्यानं जिन्यातच काढल्या होत्या.

“बाबा,” तो सूर्याला म्हणाला, “वस्तीवर तुला इचारलं असतं तर गावभर झालं असतं. म्हून हितं आलो. सोनाची सोयरीक झालीया. वैशाख वद्य पंचमीला लगीन हाय. तिचा बाप ह्याच सोलापुरात हाय, मिलमदी. सतरा वर्सं मला तोंड दावलं न्हाय त्येनं. त्येचं बराबर हाय. माज्यामुळंच बजा गेली. म्या बैल सोडलं, माज्या हातानं.” इथं तो परत खाकरला. “आता त्येला बोलवू का नगं? मला चारचौघांत बोलंल, ते म्या सोशीन. पर त्येचं डोस्कं तापट. मांडवात काय झालं तर पोरीचं वाटुळं हुईल. मला कळंना झालंय. तू सांग.”

सतरा वर्षांत मला वाटत होतं की हा माणूस मला विसरून सुखानं भाकरी खातोय. मनातले बैल त्यानंही अजून सोडलेच नव्हते तर.  पोरीचं लग्न. माझ्या पोरीचं. ती गोरी की सावळी हे मला माहीत नव्हतं.

बाहेर यायला मला तीन पावलं टाकायची होती. नाही टाकली. खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा मनात आलं की चूक त्याची, मोठा तो, बोलावणं त्याच्याच तोंडून आलं पाहिजे. मी आपणहून ‘येतो’ म्हणालो तर सतरा वर्षं फुकट गेली. पण बोलावणं यावं, यासाठी जीव नुसता तुटत होता. आणि हात स्क्रूवर गेला.

ज्याला हात लावणार नाही म्हणालो होतो, त्याच स्क्रूवर. मागनं बघताना डावं-उजवं उलटं होतं, पण घाईतही मी ते चुकलो नाही. शेवटी फिटर आहे. माझ्या डाव्या अंगाला नाणं जाईल असा खिळा फिरवला, म्हणजे पुढनं ते त्याच्या उजव्या हाताला पडणार. दादानं पावली टाकली. ती पहिल्या खिळ्याला लागली, कलली, उड्या मारत आली, आणि घंटा वाजली. टण्ण!

दादा तसाच उभा राहिला. मग त्यानं पटक्यानं डोळे पुसले. वाकून फळीच्या पायाला हात लावला. हळूहळू जिना उतरला. मी भोकाला डोळा लावून बसलो होतो, आणि माझाही चेहरा ओला होता. मला वाटलं, आनंदानं रडला म्हातारा.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी बाईंना सगळं सांगितलं. फक्त स्क्रूचं सोडून. आणि कामाला लागलो. खोलीला चुना लावला, पोरगी-जावई आले तर बसवायचं कुठं म्हणून. स्वतःला नवं धोतर घेतलं. सोनाला इरकल साडी घ्यायची होती, तर दुकानदार विचारतो, “मुलीचा रंग कसा आहे, त्यावर शोभेल असं देतो.” मी काय सांगणार? म्हटलं, “तिच्या आईसारखा असेल. हिरवं द्या.”

चैत्र गेला. पत्र मिलच्या पत्त्यावर येणार म्हणून मी रोज मिलच्या गेटवर जाऊन वॉचमनला विचारायचो. तो लांबनंच मान हलवायचा. मग मी स्वतःला समजवायचो, अशा कामाला पत्र नसतं, माणूस येतं. अक्षता घेऊन घरचं माणूस यावं लागतं. दादाला रीत कळते. कौल उजवा पडलाय, तो देवाच्या शब्दाबाहेर जायचा नाही. सतरा वर्षं ज्याला शिव्या घातल्या, त्या कौलावर मी आता भरवसा ठेवून बसलो होतो. माझं मलाच हसू यायचं, पण बसलो होतो.

पंचमी उजाडली. नवं धोतर नेसलो, इरकल पिशवीत घेतली आणि दालनात येऊन बसलो. लग्नसराई, जिन्यावर चिटपाखरू नाही. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं. नऊ वाजले, अकरा वाजले. प्रत्येक पावलाला मी उठायचो.

“तुम्हीच जा ना, महिपती,” बाई म्हणाल्या. “पंढरपूरची गाडी आहे. स्वतःच्या मुलीचं लग्न.”

“बोलावल्याशिवाय?” मी ओरडलोच. “बाप आहे मी, आगंतुक नव्हे!”

 बाईंनी आपल्या डब्यातली भाकरी आणि शेंगाची चटणी माझ्यापुढं ठेवली. मी खाल्ली नाही. गोरज मुहूर्त असेल, अजून वेळ आहे, असं म्हणत दुपार काढली. पाचला सायकलच्या दुकानापुढनं कुणाची तरी वरात गेली. बँड वाजत होता. मी खिडकी लावून घेतली. मग इरकल पिशवीतनं काढून सांगाड्याच्या कपाटात ठेवली, आणि झाडू घेऊन झाडलेलीच खोली परत झाडली.

ज्येष्ठात, सकाळी दहाच्या सुमाराला, एक म्हातारी धापा टाकत जिना चढून आली. हातात पिशवी. दारात थांबून म्हणाली, “भावजी.”

तोंडावरनं ओळखली नसती. आवाजावरनं ओळखली. गोजरवहिनी.

“मिलच्या गेटावर इचारत आलो,” ती खाली बसत म्हणाली. “लगीन चांगलं झालं. पोर मोहोळला दिलीया. जावई शेतकीत हाय, गुणाचा हाय.”

मी पाणीसुद्धा विचारलं नाही. बॉयलर फुटला. “हे सांगायला आलात? लग्न लावून? एक चिठ्ठी जड झाली? मी बाप होतो का कोण होतो? तुम्ही तिला पाजलंत, वाढवलंत, तुमच्या पायावर डोकं ठेवीन मी, वहिनी. पण त्यानं? त्यानं एक शब्द टाकायचा होता मला!”

“टाकणार हुतं,” वहिनी म्हणाली. “रोज म्हनायचं, बोलवू या, बोलवू या. मग म्हनालं, कौल लावून येतो. हितंच कुटंतरी सात रस्त्याला मोठा कौल हाय म्हनत्यात. आलं, लावला. घरी आलं ते आडवंच झालं. देव न्हाय म्हनला.”

“खोटं!” मी म्हणालो. “उजवा पडला होता!”

तोंडातनं निघून गेलं. वहिनीनं वर बघितलं.

“तुमास्नी कुणी सांगितलं उजवा पडला म्हून?”

आता लपवण्यात काय अर्थ! “मी बघितलं. मी त्या पाटीच्या मागं होतो. सगळं ऐकलं. उजवा मीच पाडला, वहिनी. या हातानं. त्यानं मला बोलवावं म्हणून.”

वहिनी उठली. पाटीपुढं जाऊन उभी राहिली. सूर्याच्या डोळ्यांकडं, मिशांकडं, परत लागलेल्या कुंकवाकडं बघितलं.

“कंचा उजवा?”

“हा. घंटेचा.”

“ह्यो आपला उजवा, भावजी.” तिनं आपला हात वर करून दाखवला, मग सूर्याकडं बोट केलं. “देवाचा तर ह्यो डावा झाला की वो. आपल्या वस्तीवर कुणाचा धरत्यात, इसरलासा?”

विसरलो होतो. येडू धनगर तोंडावर सांगून गेला होता, त्याला मी जिन्यावरनं घालवलं होतं. मागचं-पुढचं उलटं होतं एवढं माझ्या फिटरकीला कळलं, पण त्या फळीपुढं हात जोडून उभा राहिलेला माझाच भाऊ काय समजेल, हे मला कळलं नाही. मी खुर्चीवर बसलो. 

वहिनीचा आवाज चढला नव्हता. “हळदीच्या अंगानं पोर त्यास्नी म्हनाली, काका, देवाला इचारलंत, मग बापाला का न्हाय इचारलं?  लगीन हुईपतुर पोरीच्या म्होरं आलं न्हाईत. आजून गपच हायती.” तिनं पाटीच्या कडेला जाऊन मागं डोकावलं, ती हातभर जागा बघितली. “त्ये हितं हुतं. आन् तुमी हितं. मदी काय हुतं?”

“एक फळी,” मी म्हणालो.

“मग देव न्हाय म्हनला न्हाय, भावजी,” वहिनी म्हणाली. “तुमीच म्हनालासा की.”

  ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

तिनं पिशवीतनं एक हळदीनं पिवळी झालेली पुरचुंडी काढली. “ह्या तुमच्या वाटच्या अक्षता. पोरीनं मांडवातनं राखून ठिवल्यात्या. म्हनाली, बापानं टाकल्या न्हाईत तर माज्या डोस्क्यावर एवढ्या कमी पडल्या. त्यास्नी नेऊन दे.” गाठ सोडून तिनं तांदूळ माझ्या हातावर ओतले.

मी उजवाच हात पुढं केला होता. मधली दोन बोटं नाहीत, हे मी मोजायचंही सोडून दिलं होतं. मूठ मिटेपर्यंत निम्म्या अक्षता त्या फटीतनं खाली गेल्या, फरशीवर, पाटीच्या पायाशी, फळीच्या मागं. मी गुडघ्यावर बसलो आणि वेचू लागलो. डोळ्यांपुढचं धूसर झालं होतं, दाणे दिसत नव्हते. जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजल्या, कुणीतरी कौल लावायला आलं होतं. “आज बंद हाय,” वहिनी दाराकडं बघून म्हणाली, आणि पदर खोचून माझ्यासमोर खाली बसली. एकेक दाणा उचलून ती माझ्या डाव्या हातात ठेवू लागली.